विसरलेला पासवर्ड आणि कोंडलेले इलेक्ट्रॉन

गेल्या जूनमधली गोष्ट. मृग नक्षत्र लागून चार दिवस झाले होते आणि आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवरील पर्जन्यमापक पुन्हा मांडायचा होता. मागील नोंदींचा तक्ता हाताशी असावा म्हणून मी भौतिकशास्त्र विभागाच्या कपाटातून एक जुना लॅपटॉप बाहेर काढला, वीज जोडली आणि कळ दाबली. पंखा फिरला, कडेचा दिवा लागला. पण ओळखीचे चित्र उमटण्याऐवजी काळ्या पडद्यावर एक लहानशी चौकट आली आणि तिच्यात कुलपाची आकृती दिसू लागली. पासवर्ड टाका, एवढेच तिचे म्हणणे होते.

हा लॅपटॉप वापरणारे आमचे ज्येष्ठ सहकारी २०२२ साली सेवानिवृत्त झाले. ते कोल्हापुरातच राहतात. फोन केल्यावर तासाभरात सर स्कूटरवरून आले. "प्रयोगशाळेतला प्रोजेक्टर चोरीला गेला होता ना, तेव्हा मीच घातला होता तो," ते म्हणाले, "पण काय घातला होता, ते आता काही केल्या आठवत नाही हो मॅडम." त्यांनी पत्नीचे नाव टाकून पाहिले, जुन्या स्कूटरचा क्रमांक टाकला, प्लांकच्या स्थिरांकातील अंक टाकले. तीन चुका झाल्या की यंत्र गप्प होई; मग ते बंद करून पुन्हा सुरू करायचे आणि पुन्हा तीन शब्द. दोन तास हे चालले. शेवटी सर चष्मा काढून नुसते बसून राहिले. आयुष्यभर विद्यार्थ्यांना सूत्रे पाठ करायला लावणाऱ्या माणसाला स्वतःचाच शब्द आठवू नये, याचे त्यांना फार वाईट वाटले असावे.

वाईट वाटण्याला आणखी एक कारण होते. २०१६ ते २०२१ असे सहा पावसाळे आमचे विद्यार्थी रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजून ते आकडे या लॅपटॉपवर चढवीत असत. त्यांत २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांच्या वर्षांच्या नोंदी होत्या. २०२० साली विद्यार्थी आपापल्या घरी अडकले होते, तेव्हा सर आणि आमचे प्रयोगशाळा परिचर मामा यांनी आळीपाळीने गच्ची चढून एकही दिवस चुकू दिला नव्हता. कागदी वह्या तळमजल्यावर होत्या. त्या २०२१ च्या पुरात भिजून गेल्या. म्हणजे सहा वर्षांचा पाऊस आता या काळ्या पडद्यामागे होता.

मामा दारात उभे राहून सगळे पाहत होते. ते म्हणाले, "मॅडम, आतला सेल काढून ठिवा की रातभर. सकाळपतूर समदं इसरतंय बघा त्ये."

मामांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे मुळीच नव्हते. १९९९ साली मी स्वतः बी. एस्सी. ला असताना आमच्या संगणक कक्षातील एका टेबलावरच्या संगणकाला कुणी खोडसाळपणे असाच पासवर्ड घातला होता. आमच्या शिक्षकांनी पेटी उघडली, आतला रुपयाएवढा चपटा सेल काढला, आम्हांला चहा पिऊन यायला सांगितले आणि परत आल्यावर सेल बसवला. संगणक मुकाट्याने सुरू झाला! पासवर्ड तर तो विसरलाच होता, पण आजची तारीखही विसरून १९८० सालात जाऊन बसला होता.

तेव्हा आम्ही लॅपटॉपचा सेल काढला. रात्रभर ठेवला. सकाळी बसवला. कुलपाची आकृती जशीच्या तशी हजर. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जो उपाय चालला तो आज का चालू नये? या प्रश्नाचे उत्तर संगणकशास्त्राइतकेच भौतिकशास्त्रात आहे.

प्रथम हा पासवर्ड कोणता, ते नीट समजून घेऊ. पन्हाळ्याचा तीन दरवाजा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. एका दारातून आत गेले की चौक लागतो, आणि पुढचे दार पुन्हा अडवते. लॅपटॉपचेही तसेच आहे. रोज आपण विंडोज सुरू झाल्यावर जो पासवर्ड देतो, ते आतले दार. आमच्यापुढे उभे होते ते बाहेरचे दार. संगणकाला वीज मिळताच विंडोज, लिनक्स वगैरे काहीही सुरू होण्याआधी एक लहानशी आज्ञावली चालते. कळफलक जोडलेला आहे का, स्मृती ठीक आहे का, डिस्क कुठे आहे, हे पाहून ती पुढचे काम मोठ्या आज्ञावलीकडे सोपवते. ही आज्ञावली मदरबोर्डवरील एका चिपमध्येच कोरून ठेवलेली असते. ती हार्डवेअरइतकी घट्ट नाही आणि सॉफ्टवेअरइतकी सैल नाही, म्हणून तिला फर्मवेअर म्हणतात. हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर यांनी १९६७ साली प्रथम वापरला. जुन्या संगणकांत या फर्मवेअरला बायॉस म्हणत. आता त्याची जागा यूईएफआय या पद्धतीने घेतली आहे, पण बोलण्यात बायॉस हाच शब्द राहिला आहे. या पहारेकऱ्याने एकदा अडवले की आतल्या दारापर्यंत पोचताच येत नाही. विंडोज पुन्हा बसवणे वगैरे उपाय येथे व्यर्थ आहेत.

तिसरेही एक दार असते. डिस्कवरील मजकूरच सांकेतिक लिपीत बदलून ठेवायचा. त्याकडे नंतर येऊ.

आता पहारेकऱ्याला परवलीचा शब्द आठवतो तो कशाच्या आधारे? १९८४ साली आयबीएम कंपनीने पीसी-एटी नावाचा संगणक आणला. गंमत म्हणजे त्याच्या दर्शनी बाजूला खरेखुरे, किल्लीने फिरवायचे कुलूप होते. त्याच संगणकात मोटोरोला कंपनीची एक घड्याळाची चिप होती. संगणक बंद असतानाही घड्याळ चालू राहावे म्हणून तिला वेगळा सेल जोडलेला असे. या चिपमध्ये ६४ बाइटांची चिमुकली स्मृती होती. त्यांतील १४ बाइट घड्याळासाठी. उरलेल्या ५० बाइटांत डिस्क कोणती, पडदा कोणता अशी माहिती साठवीत. घड्याळासाठी सेल आहेच, तर त्याच्या जिवावर चार गोष्टी आणखी लक्षात ठेवाव्यात, असा हा काटकसरीचा विचार. पुढे १९८७ साली आलेल्या पीएस/२ या मालिकेत यंत्र सुरू करण्याचा पासवर्डही याच सेलवर जगणाऱ्या स्मृतीत ठेवला जाऊ लागला.

या स्मृतीचे स्वरूप पाहा. ट्रान्झिस्टरांच्या जोड्या अशा जोडलेल्या असतात की एक चालू असेल तर तो दुसऱ्याला बंद ठेवतो आणि दुसरा बंद असल्यामुळे पहिला चालू राहतो. दोन पहिलवानांनी एकमेकांना खांद्याला खांदा लावून तोलून धरावे तसा हा प्रकार. जोपर्यंत दोघांच्या अंगात बळ आहे तोपर्यंत डाव टिकतो. बळ म्हणजे विजेचा पुरवठा. तो तुटला की डाव मोडला. कोण वर होता आणि कोण खाली, याचा मागमूस राहत नाही.

पण हे बळ अगदी थोडे लागते. समजा, घड्याळ आणि स्मृती मिळून ३ मायक्रोअँपिअर प्रवाह घेतात. सीआर २०३२ या नावाने मिळणारा चपटा लिथियम सेल ३ व्होल्टचा असतो आणि त्याची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. (२०३२ हे त्याचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर.) २२० ला ०.००३ ने भागा. उत्तर येते सुमारे ७३,००० तास, म्हणजे ८ वर्षांहून थोडे अधिक. जुन्या संगणकांतील सेल पाच-सात-आठ वर्षांनी का संपतात, ते आता कळले. आणि सेल संपला की संगणक तारीख का चुकू लागतो, तेही.

मग १९९९ साली आमच्या शिक्षकांनी सेल काढल्या काढल्या परत का बसवला नाही? चहाचे निमित्त कशासाठी? सेलच्या शेजारी एखादा कपॅसिटर असतो. सेल काढला तरी त्यात साठलेला विद्युतभार काही काळ पुरवठा चालू ठेवतो. ओहमच्या नियमाने पाहिले तर ३ व्होल्टला ३ मायक्रोअँपिअर घेणारी चिप म्हणजे १० लाख ओहमचा, अर्थात १ मेगओहमचा रोध. कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा असेल तर रोध आणि धारिता यांचा गुणाकार १० सेकंद येतो. दर १० सेकंदांनी विद्युत दाब आधीच्या सुमारे ३७ टक्के उरतो: ३ व्होल्टवरून १.१, मग ०.४, मग ०.१५. मिनिटभरात काम व्हायला हवे. प्रत्यक्षात दाब उतरला की चिपची तहानही कमी होते आणि शेवटचा भार रेंगाळत बाहेर पडतो. म्हणून पाच-दहा मिनिटे थांबलेले बरे.

हे घरी किंवा शाळेत करून पाहता येईल. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ मेगओहमचा रोधक समांतर जोडा. ३ व्होल्टच्या सेलने क्षणभर भारित करा (कपॅसिटरची धन-ऋण टोके सांभाळा) आणि सेल काढून घेऊन अंकीय मल्टिमीटरने दर दहा सेकंदांनी दाब मोजा. गणिताप्रमाणे १.१ व्होल्टपर्यंत यायला १०० सेकंद लागायला हवेत. तुम्हांला बहुधा ९० च्या आसपास मिळतील. चूक तुमची नाही. असे का होते ते शोधा. इशारा एवढाच की मल्टिमीटरसुद्धा एक रोधकच असतो, साधारण १० मेगओहमचा.

सेलवर जगणाऱ्या या पासवर्डचे खरे मोल किती, हे लवकरच सर्वांच्या लक्षात आले. पेचकस आणि दहा मिनिटे ज्याच्याकडे आहेत, त्याच्यासमोर ते कुलूप नव्हतेच. टेबलावरच्या जड संगणकाला हे चालून जाई. पण काखेत मारून नेता येणारे लॅपटॉप आले आणि ते चोरीला जाऊ लागले, तेव्हा कंपन्यांनी पासवर्डाची जागा बदलली. थिंकपॅड मालिकेतील लॅपटॉपांत मुख्य पासवर्ड एका वेगळ्या लहानशा चिपमध्ये ठेवू लागले. आज बहुतेक लॅपटॉपांत तो फर्मवेअर जेथे असते त्या फ्लॅश चिपमध्ये किंवा तिच्या शेजारच्या दुसऱ्या एखाद्या चिपमध्ये असतो. या चिपांना काही लक्षात ठेवण्यासाठी वीज लागतच नाही. आमच्या लॅपटॉपमधून रात्रभर सेल काढून ठेवला, त्याने घड्याळ तेवढे चुकले.

वीज नसताना लक्षात राहते कसे? माझ्या मते आपल्या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे, म्हणून येथे जरा थांबते.

१९६७ साली, म्हणजे फर्मवेअर हा शब्द जन्मला त्याच वर्षी, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉन कांग आणि सायमन झी या दोघांनी एका नव्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये सिलिकॉनच्या वर एक पातळ थर आणि त्यावर द्वार, म्हणजे गेट असते. द्वाराला दाब दिला की खालून प्रवाह वाहतो. या दोघांनी मधल्या थरात आणखी एक द्वार पुरून टाकले. त्याला कोणतीही तार जोडलेली नाही. चारी बाजूंनी सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे वाळू आणि गारगोटी ज्याची बनते तेच उत्तम दुर्वाहक द्रव्य. रंकाळ्याच्या मधोमध एखादे बेट असावे आणि होडी कुणाकडेच नसावी, तशी या द्वाराची स्थिती. त्याला तरंगते द्वार म्हणतात.

या बेटावर काही इलेक्ट्रॉन नेऊन सोडले तर ते परत येऊ शकत नाहीत. त्यांचा ऋण भार खालच्या ट्रान्झिस्टरला दाबून धरतो, आणि वाचणाऱ्या मंडलाने विचारले तर तेथून प्रवाह वाहत नाही. बेट रिकामे असेल तर वाहतो. वाहतो की नाही, यावरून शून्य की एक ते कळले. इलेक्ट्रॉनांना तेथे धरून ठेवायला कसलाही खर्च नाही. कोंडलेल्या माणसाला जसे कोंडून ठेवण्यासाठी भिंतीला श्रम पडत नाहीत तसे.

भिंत किती उंच आहे, त्याचा हिशेब करू. सिलिकॉनमधून या डायऑक्साइडमध्ये उडी घ्यायला इलेक्ट्रॉनला ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून थोडी अधिक ऊर्जा लागते. खोलीच्या तापमानाला उष्णतेमुळे त्याच्या वाट्याला येणारी ऊर्जा साधारण ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणजे भिंत सुमारे १२० पट उंच. जागच्या जागी अर्धा मीटर उडी मारणाऱ्या मुलाने ६० मीटर उंचीची इमारत एका उडीत ओलांडावी, तशातला हा प्रकार. म्हणून असे इलेक्ट्रॉन दहा-वीस वर्षे सहज टिकतात.

पण मग ते आत जातात तरी कसे? येथे पुंजयामिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स मदतीला येते. इलेक्ट्रॉन हा कण आहे तसा तरंगही आहे. बेटाभोवतीची भिंत उंच असली तरी जाडीला सुमारे १० नॅनोमीटरच असते; माणसाच्या केसाच्या जाडीत अशा हजारो भिंती मावतील. तिच्या दोन बाजूंना १० व्होल्टचा दाब दिला तर दर मीटरला १०० कोटी व्होल्ट एवढे प्रचंड विद्युत क्षेत्र तयार होते. त्याने भिंत तिरपी होऊन तिची परिणामी जाडी घटते आणि काही इलेक्ट्रॉन भिंतीवरून न जाता भिंतीतून पलीकडे निघतात. यालाच बोगदा परिणाम म्हणतात. दाब काढून घेतला की बोगदा मिटतो आणि आत गेलेले आतच राहतात. सरांनी चोरीनंतर पासवर्ड घातला, तेव्हा काही निमिषांत हेच घडले होते. इतक्या वर्षांनंतरही ते इलेक्ट्रॉन आपल्या जागी बसून होते. सर विसरले, ते विसरले नव्हते.

त्यांना बाहेर काढण्याची एक जुनी रीत सांगण्यासारखी आहे. १९७१ साली इंटेल कंपनीतील डोव्ह फ्रोमन यांनी तरंगत्या द्वाराची पहिली व्यावहारिक चिप बनवली. तिच्या पाठीवर गारेच्या काचेची खिडकी असे. त्या खिडकीतून जंबुपार किरण सोडले की सारी स्मृती पुसली जाई. जंबुपार, म्हणजे आता ज्यांना अतिनील म्हणतात तेच किरण. त्यांची तरंगलांबी २५४ नॅनोमीटर. १२४० ला तरंगलांबीने भागले की प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. उत्तर जवळजवळ ४.९. भिंत तीन-सव्वातीनची, तेव्हा इलेक्ट्रॉन सहज उडी मारतो. प्रकाशविद्युत परिणाम वाचलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. साधा दिवा मात्र कितीही प्रखर लावा, त्याच्या तांबड्या-पिवळ्या प्रकाशकणांत दोन-सव्वादोन इलेक्ट्रॉन-व्होल्टच असतात, आणि त्यांनी काही होत नाही. उन्हात थोडे अतिनील किरण असतात. म्हणून उघडी खिडकी आठवडाभर उन्हात राहिली तर अशी चिप कोरी होऊ शके, आणि तसे होऊ नये म्हणून खिडकीवर कागदाची चिकटपट्टी लावीत.

पुढे विजेनेच लिहिता-पुसता येणाऱ्या चिपा आल्या, आणि १९८४ साली तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी मोठा भाग एका फटक्यात पुसता येईल अशी फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा क्षणात लखकन होणारा प्रकार, म्हणून फ्लॅश. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये तीच आहे.

"मग त्या फटक्यात आपलीही चिप पुसू या," असे एक विद्यार्थी लगेच म्हणाला. पण त्याच चिपमध्ये लॅपटॉप सुरू करणारी आज्ञावलीही असते. सरसकट पुसले तर पहारेकरी जाईलच, पण किल्लाही जाईल.

दुसऱ्याने विचारले, चिपमधला पासवर्ड वाचून घेता येणार नाही का? तेथेही अडचण आहे. चांगल्या यंत्रात पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला नसतोच. त्यापासून गणिताने काढलेली एक खूण तेवढी लिहिलेली असते. एक सोपे उदाहरण घ्या. दोन अंकी संख्येचा वर्ग करा आणि शेवटचे दोन अंक ठेवा. ३७ चा वर्ग १३६९, खूण ६९. आता तुम्हांला फक्त ६९ सांगितले तर मूळ संख्या कोणती? १३, ३७, ६३, ८७ या चारही संख्यांची खूण ६९ येते. जाताना वाट सोपी, परतताना चकवा. काही जुन्या बायॉसमध्ये ही खूण अवघी दोन बाइटांची असे, म्हणजे खुणांचे एकूण प्रकार ६५,५३६. इंग्रजी लहान लिपीतील आठ अक्षरांचे शब्द मात्र २० हजार कोटींहून जास्त होतात. तेव्हा एका खुणेला सरासरी ३२ लाख शब्द लागू पडत, आणि भलत्याच शब्दानेही कुलूप उघडे! आजच्या खुणा पुष्कळ लांब असतात, त्यामुळे ती सोय राहिलेली नाही. एकेक शब्द टाकून पाहायचा म्हटले, तर दर खेपेला दहा सेकंद धरून सारे शब्द संपायला सुमारे ६६ हजार वर्षे लागतील. सरांची चिकाटी मोठी, पण इतकी नव्हे.

अंदाजाने शब्द टाकण्याआधी एक गोष्ट मात्र जरूर पाहावी, ती म्हणजे कळफलक. अनेक लॅपटॉपांत अक्षरांच्या कळांतच अंकांच्या कळा दडलेल्या असतात. नम-लॉक चालू राहिले की यू, आय, ओ या कळांतून ४, ५, ६ आणि जे, के, एल मधून १, २, ३ उमटतात; एम चा तर चक्क शून्य होतो. चौकटीत नुसते ठिपके दिसत असल्याने हे कळत नाही, आणि माणूस बिचारा स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत बसतो. कॅप्स-लॉकचेही तेच. आम्ही दोन्ही तपासले. आमचे ग्रह तेथेही बलवत्तर नव्हते.

आता पावसाच्या नोंदींचे काय झाले ते सांगते. फर्मवेअरचा पासवर्ड यंत्राला अडवतो, डिस्कवरील मजकुराला नव्हे. बाहेरचे दार बंद असले तरी खजिन्याची पेटीच भिंत फोडून दुसऱ्या घरी नेली तर? प्राचार्यांची परवानगी घेऊन आम्ही लॅपटॉपच्या पाठीचे स्क्रू काढले, मुख्य बॅटरीची जोडणी सोडवली, डिस्क बाहेर घेतली आणि बाजारात मिळणाऱ्या यूएसबी डबीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडली. मामा, सर, मी आणि सात-आठ विद्यार्थी पडद्यावर वाकून पाहत होतो. फोल्डर उघडले. २०१९ च्या ऑगस्टमधले आकडे ओळीने उभे! सरांनी एकच केले: खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

हे जमले ते तिसरे दार उघडे होते म्हणून. ती डिस्क सांकेतिक लिपीत बदललेली नव्हती, आणि डिस्कचा स्वतःचा पासवर्ड म्हणून एक प्रकार असतो, तोही घातलेला नव्हता. आजच्या नव्या लॅपटॉपांत बिटलॉकर किंवा तशी दुसरी व्यवस्था पुष्कळदा सुरुवातीपासूनच चालू असते. तशी डिस्क काढून दुसरीकडे जोडली तर नुसता अक्षरांचा भाताचा गोळा हाती येतो. ती उलगडण्याची किल्ली मदरबोर्डवरील वेगळ्या सुरक्षा-चिपमध्ये असते. मदरबोर्ड बदलला की तीही गेली. मग उरते ती ४८ अंकी पुनःप्राप्ती किल्ली. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात किंवा कागदावर जपलेली असेल तर ठीक, नाही तर सहा वर्षांचा पाऊस पडला नाही असे समजायचे. आपल्या घरच्या लॅपटॉपची ही किल्ली कोठे आहे, हे आज संध्याकाळीच वडिलांना किंवा ताईला विचारा.

यंत्र सोडवायचे तर पेचकसापेक्षा कागद जास्त उपयोगी पडतात, हे आम्हांला पुढच्या आठवड्यात कळले. काही कंपन्या यंत्र आपलेच असल्याचा पुरावा दिल्यावर सोडवणुकीचा संकेत देतात. काही मात्र मुख्य पासवर्ड हरवला तर मदरबोर्डच बदला, असे सांगतात. पुरावा दोन्हीकडे लागतोच. आमच्या विभागाच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक आणि यंत्राचा अनुक्रमांक मामांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. बिलाची प्रत, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचे पत्र, सगळे घेऊन मी अधिकृत सेवा केंद्रात गेले. त्यांनी अनुक्रमांक जुळवून पाहिला आणि मदरबोर्डाचा खर्च सांगितला. तो लॅपटॉपच्या त्या दिवशीच्या किमतीहून जास्त होता.

बाजारात एकाने काही शे रुपयांत "करून देतो" असेही सांगितले. त्याने बिल मागितले नाही, म्हणून मी परत आले. ज्याला बिल पाहायची गरज वाटत नाही, तो उद्या कुणाचाही लॅपटॉप उघडून देईल. तुमच्यापैकी अनेकजण पुढील शिक्षणासाठी वापरलेला लॅपटॉप घेतील. घेताना विकणाऱ्यासमोर तो सुरू करून एफ २ किंवा त्या यंत्राची जी कळ असेल ती दाबून फर्मवेअरच्या पडद्यापर्यंत जाऊन या. तेथे पासवर्ड विचारला गेला आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल, तर पैसे खिशातच राहू द्या. मूळ बिलही मागून घ्या.

आमच्या लॅपटॉपचे नाव आता डेड स्टॉक रजिस्टरमध्ये निर्लेखनाच्या यादीत आहे. पावसाच्या नोंदी तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. विभागातील नव्या संगणकाचा पासवर्ड पाकिटात बंद करून, पाकिटावर लाख लावून, प्राचार्यांच्या तिजोरीत ठेवला आहे. निर्लेखनाची समिती अजून बसलेली नाही, त्यामुळे जुना लॅपटॉप प्रयोगशाळेतल्या मांडणीवर आहे. सर महिन्यातून एकदा पर्जन्यमापक पाहायला येतात. गच्चीवरून खाली आले की मामा त्यांच्यासाठी चहा आणायला जातात. तेवढ्यात सर लॅपटॉप सुरू करतात, तीन शब्द टाकून पाहतात, आणि चहा आला की बंद करून ठेवतात.